बॅग तयार आहे, पण निघायचं नक्की कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बॅग भरून ठेवलीय, कागदपत्रांच्या कॉप्या, औषधं, टॉर्च, पॉवर बँक सगळं आहे, घर नदीपासून फार लांब नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मागच्या वेळी पुराचा इशारा आला तेव्हा तुम्ही दोघं रात्रभर निघू की नको करत जागे बसलात, पाणी काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी नातेवाईक हसले, आणि आता पुढच्या वेळी नक्की कधी निघायचं हेच कळेनासं झालंय.

मी गेली बावीस वर्षं लोकांना आपत्तीची तयारी शिकवतोय. बॅगेत काय भरायचं हे मला हजार वेळा विचारलं गेलंय, पण बॅग उचलायची कधी हे विचारणारे फार कमी भेटले. आणि माझ्या मते खरी तयारी ही दुसरीच आहे. त्यामुळे सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.

आधी त्या रात्रीबद्दल. हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, पण एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, त्या रात्री तुम्ही थांबायचा निर्णय घेतला नव्हता. तुम्ही कुठलाच निर्णय घेतला नव्हता. निघाला नाहीत आणि थांबायची तयारीही केली नाहीत, फक्त 'अजून थोडं बघू' करत बसलात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात घातक गोष्ट हीच असते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला वणव्यांत १७३ माणसं गेली. तिथे लोकांना आधीपासून सांगितलेलं होतं की एकतर पूर्ण तयारीनिशी घरी थांबून घर वाचवा किंवा लवकर निघून जा. दोन्ही पर्याय ठरलेले होते. पण कितीतरी लोकांनी मनात तिसराच पर्याय धरला होता, आग दिसली की मग ठरवू. आणि आग दिसली तेव्हा धुराने रस्ता दिसत नव्हता, झाडं रस्त्यावर पडली होती, उष्णतेने गाडीत बसणंसुद्धा शक्य नव्हतं. त्यानंतर तिथे आगीच्या धोक्याची एक नवीन, सगळ्यात वरची पातळी आणली आणि सल्ला बदलला: अंदाज त्या पातळीचा असेल तर आदल्या रात्री किंवा सकाळी लवकरच निघा, कुठे आग लागलेली असो वा नसो. म्हणजे निघायचा इशारा 'आग दिसली' हा राहिला नाही, 'उद्याचा अंदाज' हा झाला.

हे नीट समजून घ्या, कारण मी पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच येतं. निघायचा क्षण धोका दिसल्यावर ठरवायचा नसतो, तो आज, डोकं शांत असताना ठरवून लिहून ठेवायचा असतो. त्या वेळी फक्त एवढंच बघायचं की लिहिलेली गोष्ट घडली की नाही. घडली तर निघायचं, चर्चा नाही.

लोक म्हणतात, अहो पण खरंच जीवावर बेतलं तर माणूस आपोआप पळतोच की. नाही पळत. १९६८ साली लाटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, एका खोलीत माणूस फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. माणूस एकटा असेल तर १०० पैकी ७५ जणांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. पण खोलीत आणखी दोन माणसं मुद्दाम शांत बसवलेली असतील तर १०० पैकी फक्त १० जणांनी. बाकीचे धुरात डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. म्हणजे आपण धोका डोळ्यांनी बघतच नाही, तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर बघतो, आणि शेजारी त्याच वेळी आपल्या चेहऱ्यावर बघत असतो. इशारा आल्यावर लोक काय करतात आठवा: चार जणांना फोन, ग्रुपवर मेसेज, खिडकीतून बाहेर, समोरच्यांची गाडी अजून उभीच आहे मग आपणही थांबू. यात भित्रेपणा किंवा मूर्खपणा काही नाही, माणसाचा मेंदू असाच चालतो, म्हणून तर त्या वेळच्या मेंदूवर हा निर्णय सोपवायचा नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिलं काम म्हणजे घड्याळ लावून सराव. मी ज्यांना ज्यांना विचारतो की तुम्हाला घर सोडायला किती वेळ लागेल, ते म्हणतात पंधरा मिनिटं. एका कुटुंबाने माझ्यासमोर सराव केला, तेही सकाळी, उजेडात, कुणी घाबरलेलं नसताना, तर सगळे गाडीत बसेपर्यंत एक तास दहा मिनिटं झाली. आजोबांचे श्रवणयंत्राचे सेल सापडत नव्हते, धाकट्याला ऐनवेळी बाथरूमला जायचं होतं, मांजर पलंगाखाली जाऊन बसली होती. तुमच्या घरात हा हिशोब सासूबाईंच्या चालण्यावरून करायचा, तुमच्या नाही. घरातला सगळ्यात सावकाश माणूस जेवढा वेळ घेतो तेवढा तुमचा वेळ. सरावात जो आकडा येईल तो दुप्पट करा, कारण खरी वेळ रात्रीची असेल, लाईट गेलेले असतील, पाऊस असेल. त्यात जिथे जायचंय तिथपर्यंतचा प्रवास धरा आणि तोही नेहमीपेक्षा दोन-तीनपट धरा. समजा सराव ४० मिनिटांचा, म्हणजे धरायचे ८०. रस्ता २० मिनिटांचा, म्हणजे धरायचा एक तास. एकूण २ तास २० मिनिटं, म्हणजे अडीच तास धरून चाला.

आता हे अडीच तास कशाच्या आधी मोजायचे? इथे जवळजवळ सगळे चुकतात. लोक विचार करतात, आपल्या घरात पाणी कधी येईल. अहो, घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रस्ता बंद होतो. तुमच्या घरापासून सुरक्षित जागेपर्यंतच्या रस्त्यावर सगळ्यात खोलगट जागा कुठली आहे ती शोधा, एखादा छोटा पूल, रेल्वेखालचा बोगदा, वळणावरचा ओढा. तुमचं घड्याळ त्या जागेशी बांधलेलं आहे. आणि रस्ता बंद म्हणजे किती पाणी, तर जोरात वाहणारं पाणी फक्त १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाला पाडू शकतं, ३० सेंटीमीटर पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं, आणि ६० सेंटीमीटरला मोठ्या दणकट गाड्यासुद्धा जातात. घोट्याच्या वर आलेलं वाहतं पाणी म्हणजे रस्ता संपला, असं डोक्यात पक्कं बसवा. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय हेही वरून दिसत नाही. म्हणून तुमची खूण, म्हणजे जी घडली की निघायचं अशी लिहून ठेवलेली गोष्ट, अशी पाहिजे की ती त्या खोलगट जागेत पाणी येण्याच्या किमान अडीच तास आधी घडेल. जुन्या माणसांना विचारा, मागच्या पुरात आधी कुठली पायरी बुडाली, मग कुठला खांब, त्यानंतर किती वेळाने रस्ता गेला. ही माहिती कुठल्याही ॲपपेक्षा मोलाची असते. वर धरण असेल तर पाणी सोडण्याची सूचना कोण देतं, कुठे देतं आणि ते पाणी तुमच्यापर्यंत यायला साधारण किती तास लागतात हे आजच विचारून ठेवा.

चांगली खूण कशी ओळखायची? घरातलं दहा वर्षांचं पोर ती बघून हो किंवा नाही सांगू शकलं पाहिजे. 'परिस्थिती गंभीर झाली तर' ही खूण नाही, कारण गंभीर म्हणजे काय यावरच नवरा-बायकोत तासभर वाद होईल. 'पुलाच्या खांबावरची लाल रेघ पाण्याखाली गेली' ही खूण आहे. 'संध्याकाळी पाचपर्यंत पाऊस थांबला नाही आणि इशारा कायम आहे' हीसुद्धा खूण आहे, आणि मी घड्याळाची खूण कायम ठेवायला सांगतो कारण अंधारात, पावसात, म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणं हा स्वतःच एक धोका आहे. पाणी मध्यरात्री दोनला येईल असं वाटत असेल तर दोनच्या आधी नाही, अंधार पडायच्या आधी निघायचं.

आणि निदान एक खूण अशी ठेवा जिला फोन, वीज, सरकारी सूचना काही लागत नाही. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा तीनच मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला होता, जगातली उत्तम यंत्रणा, पण पहिल्या इशाऱ्यात इवाते भागासाठी लाटेचा अंदाज ३ मीटर होता. साधारण अर्ध्या तासात तो वाढवला, पण तोवर वीज गेलेली, अनेकांपर्यंत नवा आकडा पोचलाच नाही, आणि ३ मीटर म्हणजे आपली संरक्षक भिंत पुरेल असं समजून काही जण थांबले. याच्या उलट २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाचं सिमुलुए बेट, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, सत्तर हजारांच्या वर वस्ती, आणि मृत्यू फक्त ७. तिथे कुठलाच भोंगा नव्हता. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट येऊन माणसं गेली होती आणि तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले होते, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगरावर पळा. शंभर वर्षं जुनी एक खूण, पोराटोरांना पाठ असलेली, कुणाच्या परवानगीची गरज नसलेली. मला हे उदाहरण सांगताना प्रत्येक वेळी भरून येतं, कारण त्या आजी-आजोबांनी जे केलं ते आपल्यापैकी कुणीही करू शकतो.

इशाऱ्यांच्या भाषेबद्दल थोडंसं. बहुतेक देशांत दोन पातळ्या तरी असतात, एक 'असं घडू शकतं, लक्ष ठेवा' आणि दुसरी 'घडतंय किंवा घडणार, आता हालचाल करा'. रंग वेगवेगळे, शब्द वेगवेगळे, तुमच्याकडे कुठले वापरतात ते माहीत करून घ्या. माझा साधा नियम असा की तुमच्या घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, अपंग किंवा आजारी कुणी असेल तर तुमच्यासाठी पहिली पातळी हीच दुसरी पातळी. आणि वादळाच्या नकाशावर जो फुगत जाणारा पट्टा दाखवतात त्याचा अर्थ लोक हमखास चुकीचा घेतात. तो पट्टा वादळाचा आकार नसतो, वादळाचं केंद्र साधारण कुठून जाईल त्याचा अंदाज असतो, आणि अमेरिकेच्या हरिकेन सेंटरच्या हिशोबाने केंद्र त्या पट्ट्यात राहण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात दोन. म्हणजे तीनात एकदा केंद्रच पट्ट्याबाहेर जातं, वारा-पाऊस तर त्याच्याही कितीतरी बाहेर पोचतो. 'आपण पट्ट्याच्या बाहेर आहोत' ही निवांत झोपायची खूण होऊ शकत नाही.

आता तुमच्या मनातली खरी अडचण, निघालो आणि काहीच झालं नाही तर? यासाठी मी सगळं एका फटक्यात करायला सांगत नाही, टप्पे करायला सांगतो. पहिल्या टप्प्यात अशाच गोष्टी करायच्या ज्या फुकट आहेत आणि परत घेता येतात: फोन चार्ज, गाडीत इंधन, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवणं, औषधं बॅगेत, पाणी भरून ठेवणं, सासूबाईंचे बूट दाराशी, ज्यांच्याकडे जाणार त्यांना एक फोन. हे नुसत्या शंकेवर करायचं, याला कसलाही पुरावा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात जे सावकाश आहेत ते आधी निघतात. सासूबाई आणि मुलं संध्याकाळीच तुमच्या बहिणीकडे किंवा जिथे ठरलंय तिथे मुक्कामाला गेली, काही झालं नाही तर एक रात्र पाहुणचार झाला, बिघडलं काय? आणि यामुळे मागे राहिलेल्या दोघांचा निघायचा वेळ अडीच तासांवरून बराच खाली येतो, म्हणजे तुम्हाला परिस्थिती बघायला जास्त वेळ मिळतो. तिसरा टप्पा म्हणजे कुलूप लावून निघणं, आणि त्याची खूण वर सांगितली तशी लिहिलेली, ठळक.

काहीच झालं नाही म्हणून निघणं चुकलं, असा हिशोब कृपया करू नका. निर्णय त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर बरोबर की चूक ठरतो, दुसऱ्या दिवशीच्या सूर्यप्रकाशात नाही. मी दर वेळी लोकांना सांगतो की दहा वेळा निघालात आणि नऊ वेळा उगाच गेलं तरी तुमचे नऊ सराव झाले, वेळ मोजा, काय विसरलं ते लिहा, बॅग सुधारा. पण एक पथ्य पाळा: तीन-चार वेळा उगाच निघावं लागलं आणि घरचे कंटाळले तर कुणाला न सांगता खूण मनातल्या मनात ढिली करू नका. बसून, उन्हाच्या दिवशी, सगळ्यांसमोर ती खूण बदला आणि नवीन लिहा. ऐन पावसात खूण बदलायची नाही. गिर्यारोहकांमध्ये परत फिरण्याची वेळ ठरवायची पद्धत असते, शिखर कितीही जवळ असलं तरी त्या वेळेला मागे वळायचं. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर दुपारी एक-दोनच्या आसपास परत फिरायचं बोलणं झालेलं असूनही काही जण त्यानंतर बऱ्याच उशिरापर्यंत चढतच राहिले, वर शिखर दिसत होतं ना. संध्याकाळी वादळ आलं आणि त्या रात्री-दिवसात ८ जण गेले. वेळ माहीत होती, फक्त ती सगळ्यांवर बंधनकारक राहिली नाही.

मग बंधनकारक कशी करायची? आमच्या घरात नियम असा आहे की निघायला एक मत पुरे, थांबायला सगळ्यांची मतं लागतात. कुणीही एक मोठा माणूस म्हणाला निघूया, की निघायचं, आणि नंतर त्याला कुणी टोमणा मारायचा नाही, कधीच नाही. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण टोमण्याच्या भीतीनेच माणसं गप्प बसतात. त्याच २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या ओकावा नावाच्या प्राथमिक शाळेत मुलं भूकंपानंतर जवळपास ५० मिनिटं मैदानावर थांबली होती. शाळेच्या मागेच टेकडी होती. टेकडीवर जायचं की नाही यावर मोठ्यांचं बोलणं चाललं होतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. त्या शिक्षकांना दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये, ते मुलांसोबतच गेले. नक्की कुठे जायचं आणि कुणी सांगितलं की जायचं, हे आधी ठरलेलं नव्हतं, एवढंच सांगायचंय.

आता उलटी बाजू, कारण लवकर निघा लवकर निघा एवढंच सांगितलं तर ते अर्धवट होईल. निघण्यालाही किंमत असते. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने हाहाकार केल्यावर महिनाभरातच रिटा वादळ आलं, आणि ह्यूस्टनच्या परिसरातून वीस लाखांहून जास्त लोक रस्त्यावर आले. त्यातल्या पुष्कळांना निघायची गरजच नव्हती, त्यांची घरं समुद्राच्या पाण्याच्या टप्प्यात नव्हती. रस्ते तासन्‌तास तुंबले, उन्हात गाड्या बंद पडल्या, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. त्या वादळाशी संबंधित मृत्यूंपैकी बरेचसे वाऱ्याने नव्हे तर स्थलांतरात झाले. म्हणून आपलं घर नक्की कुठल्या धोक्याच्या पट्ट्यात येतं हे आधी कळलं पाहिजे. पाण्यापासून पळायचं असतं, वाऱ्यापासून बहुतेक वेळा पक्क्या घरात लपायचं असतं. आणि तुमची वेळ टळून गेली, रस्त्यावर पाणी आलंच, तर मग निघायचा हट्ट सोडा. वरच्या मजल्यावर जा, गच्चीपर्यंत वाट मोकळी ठेवा, बंदिस्त माळ्यावर मात्र चढू नका, तिथून बाहेर पडता येत नाही. उशिरा निघणं हे लवकर निघणं आणि थांबणं या दोन्हींपेक्षा वाईट.

काही संकटांत तर निघणं हेच चूक. जमीन हलत असताना बाहेर पळू नका, खाली बसा, टेबलाखाली आडोसा घ्या, टेबल धरून ठेवा, हलणं थांबलं की मग बाहेर. विषारी वायूची गळती झाली आणि घरात थांबा अशी सूचना असेल तर दारं-खिडक्या, पंखे, एसी बंद करून आतच थांबा. याउलट घरातली आग आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे इंधन नीट न जळल्यावर निघणारा विषारी वायू, इथे टप्पे-बिप्पे काही नाही. स्मोक अलार्म वाजला की हातात दोन-तीन मिनिटं आहेत असंच धरायचं, बॅगसुद्धा घ्यायची नाही, माणसं घ्यायची, मागे दार ओढून घ्यायचं आणि बाहेर गेल्यावर फोन करायचा. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, तर हा कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे, सगळे बाहेर, लगेच. वास येत नाही म्हणून थांबू नका, त्याला वास नसतोच.

हेच सगळं तब्येतीलाही लागू आहे आणि इथे मला माझ्या वडिलांचं सांगायचंय. तेव्हा मी या कामात नव्हतो. एका संध्याकाळी त्यांचं बोलणं जरा जड झालं, उजव्या हातातून कप निसटला. बाबा म्हणाले थकलोय, झोपतो, सकाळी बघू. आई म्हणाली त्यांना झोपू दे. मीही म्हणालो सकाळी बघू. घरात तीन मोठी माणसं होतो आणि तिघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सकाळपर्यंत उजवी बाजू पूर्ण गेली होती. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि जितकं लवकर तितकं चांगलं, हे मला नंतर कळलं. बाबा पुढे सात वर्षं होते, पण माझं नाव त्यांना नीट उच्चारता आलं नाही. म्हणून आमच्या फ्रिजवर आता लिहिलेलं आहे: चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघायची आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायचा, पेशंट नाही म्हणाला तरी. हीसुद्धा खूणच आहे, पुलाच्या खांबावरच्या लाल रेघेसारखी.

घरात कुणी मशीनवर असेल, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वगैरे, तर वीज गेली की बॅटरी संपायची वाट बघू नका. बॅटरी अर्धी झाली आणि वीज आलेली नाही, ही निघायची खूण, कारण उरलेली अर्धी रस्त्यात लागणार आहे. फ्रिज बंद ठेवला तर साधारण ४ तास थंडावा धरतो, इन्सुलिन असेल तर तेही या हिशोबात घ्या.

आणि सगळे एकत्र नसाल तर? दिवसा संकट आलं तर मुलं शाळेत, एक जण ऑफिसात, सासूबाई घरी एकट्या, खरं तर हीच शक्यता जास्त. जपानच्या त्या किनाऱ्यावर 'तेंदेन्को' म्हणून एक जुनी शिकवण आहे, लाट येताना ज्याने त्याने आपापलं उंचावर पळायचं, कुणाची वाट बघायची नाही. ऐकायला निष्ठुर वाटते, पण तिचा खरा अर्थ विश्वासाचा आहे. आई शाळेकडे धावत नाही कारण तिला खात्री आहे की पोरगं आधीच टेकडीवर गेलंय, आणि पोरगं आईसाठी थांबत नाही कारण त्यालाही तशीच खात्री आहे. कामाइशी शहरात २०११ ला अशी तयारी झालेली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. पण ही खात्री आधी बोलूनच येते. तुमच्याकडे याचा अर्थ असा की शाळेचा प्लॅन काय आहे ते शाळेला विचारा, घरी एकट्या असलेल्या सासूबाईंना वरच्या मजल्यावर कोण नेणार त्या शेजाऱ्याशी आत्ताच बोला, भेटायच्या दोन जागा ठरवा, आणि लांबच्या गावचा एक नातेवाईक ठरवा ज्याला सगळ्यांनी 'मी ठीक आहे' एवढा मेसेज टाकायचा. कॉल लागत नसतात तेव्हाही मेसेज बऱ्याचदा जातो.

परत यायचीही खूण ठरवा, ती सगळेच विसरतात. वादळाचा डोळा वरून जाताना अर्धा-पाऊण तास सगळं शांत होतं आणि मग वारा उलट्या दिशेने येतो, त्सुनामीची पहिली लाट बहुतेक वेळा सगळ्यात मोठी नसते, पूर ओसरल्यावर घरात वीज उतरलेली असू शकते. तेव्हा 'शांत वाटतंय' यावर परतायचं नाही, अधिकृत सूचना आली आणि दिवसाचा उजेड आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच.

तुम्ही या रविवारी एवढं करा. सासूबाईंना आधी नीट समजावून सांगा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत, आणि मग त्यांच्यासकट सगळ्यांनी बॅगा घेऊन गाडीत बसेपर्यंतचा वेळ मोजा. नंतर गाडी काढून त्या रस्त्याने हळू जा आणि सगळ्यात खोलगट जागा कुठली ते मुलांना शोधायला लावा. परत आल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहा, कुठली खूण दिसली की सासूबाई आणि मुलं निघतील, कुठली दिसली की तुम्ही दोघं कुलूप लावाल, आणि किती वाजल्यानंतर निघायचं नाही, वर जायचं. खाली सगळ्यांच्या सह्या, सासूबाईंचीही. तो कागद बॅगेत टाकू नका, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.